६०० मिमीची लेन्स असूनही फुलपाखरू चौकटीत लहानच का येते?

रंकाळ्यावरच्या पाणपक्ष्यांसाठी हौसेने घेतलेली १५०–६०० मिमीची लेन्स पाऊस ओसरताच फुलपाखरे आणि चतुर टिपण्यासाठी बाहेर निघते, आणि कोल्हापुरातील हौशी छायाचित्रकारांची एक ठरलेली तक्रार दर वर्षी पुन्हा ऐकू येते. जवळ गेले की लेन्स पुढे-मागे फिरत राहते आणि फोकस काही लागत नाही. फोकस लागेल इतके मागे सरकावे, तर फुलपाखरू चौकटीच्या मधोमध नखाएवढे उरते. यावर मिळणारा सल्ला बहुधा ‘आणखी मोठी लेन्स घ्या’ असाच असतो, आणि या कामापुरता तरी तो चुकीचा आहे. लेन्सवर छापलेला मिलिमीटरचा आकडा दूरची वस्तू किती जवळ दिसेल ते सांगतो. जवळची वस्तू जास्तीत जास्त किती मोठी येईल, हे मात्र माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेल्या दुसऱ्याच आकड्यावर ठरते, आणि लेन्स घेताना तो फारसे कोणी पाहत नाही.

आधी लेन्सवरचे बटण पाहावे

पैसे खर्च करण्याआधी लेन्सच्या अंगावरचे फोकस लिमिटरचे बटण तपासावे, कारण ‘फोकस लागत नाही’ या तक्रारींपैकी काही इथेच मिटतात. दूरच्या पक्ष्यावर फोकस लवकर लागावा म्हणून या बटणाने लेन्सला जवळचे अंतर शोधण्यापासून रोखता येते. सिग्माच्या १५०–६०० कंटेम्पररीवर त्याच्या तीन जागा आहेत : पूर्ण पल्ला, २.८ ते १० मीटर, आणि १० मीटरपासून अनंतापर्यंत. निकॉनच्या २००–५०० मिमीवर दुसरी जागा ६ मीटरच्या पुढची आहे, तर कॅननच्या १००–४०० मिमीच्या दुसऱ्या आवृत्तीवर ती ३ मीटरच्या पुढची आहे. सकाळी तलावावर बटण दूरच्या जागेवर सरकवलेले असेल आणि ते तसेच ठेवून आपण दुपारी टणटणीच्या झुडपापुढे उभे असू, तर लेन्सने कितीही धडपड केली तरी तिला फोकस मिळणार नाही. सिग्मासारखी मधली जागा असेल, तर फुलपाखरांसाठी ती पूर्ण पल्ल्यापेक्षाही चांगली, कारण फोकस चुकून दूरच्या झाडीत गेला की तो परत येण्यात जाणारा वेळ वाचतो.

बटण योग्य जागी असूनही लेन्स फिरतच राहिली, तर आपण तिच्या किमान फोकस अंतराच्या आत उभे आहोत का, हे पाहावे. हे अंतर लेन्सच्या काचेपासून न मोजता सेन्सरच्या प्रतलापासून मोजतात, आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर वर्तुळाला छेदणाऱ्या रेघेची खूण त्यासाठीच कोरलेली असते. सिग्मा कंटेम्पररीला २.८ मीटर लागतात, निकॉन २००–५०० ला २.२ मीटर, आणि कॅननच्या आरएफ ६०० मिमी एफ/११ ला तब्बल ४.५ मीटर. राधानगरीच्या जंगलातील एखाद्या अरुंद पायवाटेवर साडेचार मीटर मागे सरकायला जागाच नसते, आणि सरकता आले तरी मधे चार फांद्या येतात. झूम लेन्सच्या बाबतीत आणखी एक गोम अशी की, जाहिरातीत दिलेले किमान अंतर पुष्कळदा तिच्या आखूड टोकाचे असते. निकॉन झेड १८०–६०० मिमीचे किमान अंतर १८० मिमीला १.३ मीटर आहे, पण ६०० मिमीला तेच २.४ मीटर होते. त्यामुळे दीड मीटरवर आरामात फोकस लावणारी लेन्स झूम फिरवताच अडली, तर ती नादुरुस्त आहे असे समजण्याचे कारण नाही.

मिलिमीटर नव्हे, मॅग्निफिकेशन

आता तक्रारीचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग. सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेच्या आकाराचे प्रत्यक्ष वस्तूच्या आकाराशी जे प्रमाण असते, त्याला मॅग्निफिकेशन म्हणतात, आणि प्रत्येक लेन्सचे कमाल मॅग्निफिकेशन कंपनी जाहीर करते. सेन्सरच्या रुंदीला या आकड्याने भागले की, जास्तीत जास्त जवळ गेल्यावर चौकटीत किती मिलिमीटर रुंदीचा भाग मावेल ते कळते. फुल-फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिमी, त्याहून लहान अशा निकॉनच्या एपीएस-सी सेन्सरची सुमारे २३.५ मिमी आणि कॅननच्या एपीएस-सीची सुमारे २२.३ मिमी असते.

कॅननच्याच दोन लेन्स शेजारी ठेवल्या तर मुद्दा लगेच स्पष्ट होतो. ४०० मिमी एफ/५.६ ही पक्षी टिपणाऱ्यांची जुनी आवडती लेन्स ३.५ मीटरच्या आत फोकस लावत नाही आणि तिचे कमाल मॅग्निफिकेशन ०.१२ आहे. १००–४०० मिमीची दुसरी आवृत्ती ०.९८ मीटरपर्यंत जवळ येते आणि ०.३१ मॅग्निफिकेशन देते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर पहिलीत सुमारे १८६ मिमी रुंदीचा भाग मावतो, दुसरीत सुमारे ७२ मिमी. दोन्हींवर ४०० हाच आकडा असूनही जवळच्या कामात त्यांच्यात अडीच पटींहून अधिक फरक आहे.

याहून अनेकांना खटकणारी तुलना अशी : कॅननची ५५–२५० मिमी एसटीएम ही लहान, हलकी आणि बेताच्या किमतीची लेन्स ०.८५ मीटरवर ०.२९ मॅग्निफिकेशन देते, म्हणजे तिच्या चौकटीत सुमारे ७७ मिमीचा भाग मावतो. त्याच कॅमेऱ्यावर सिग्माची १५०–६०० कंटेम्पररी सुमारे ०.२० मॅग्निफिकेशनवर थांबते आणि तिच्यात १११ मिमी मावतात. फुलपाखरू जवळ येऊ देणारे असेल, तर दुसऱ्या लेन्सच्या भारदस्त देहाचा इथे काहीच उपयोग होत नाही. ते जवळ येऊ देत नसेल तेव्हा मात्र मोठी लेन्स २.८ मीटरवरून जे देते ते ५५–२५० ला साधणार नाही, आणि हा तिचा गुण मान्य करायलाच हवा. टॅमरॉनच्या १५०–६०० जी२ ने या दोहोंमध्ये बरा तोल साधला आहे, ती २.२ मीटरवर सुमारे ०.२६ देते.

हा आकडा आपल्याला पुरेसा आहे की नाही, हे आपण काय टिपणार यावर अवलंबून आहे. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉरमॉनच्या पंखांचा विस्तार १२० ते १५० मिमी असतो. पंख पसरलेला ब्लू मॉरमॉन १११ मिमीच्या चौकटीत मावणारसुद्धा नाही, आणि तिथे ०.२० मॅग्निफिकेशन पुरून उरते. रुईवर घोटाळणारे प्लेन टायगर साधारण ७०–८० मिमीचे असते आणि तेही नीट बसते. ग्रास ज्वेलसारखे गवतात उडणारे इवलेसे फुलपाखरू मात्र पंख मिटून बसले की जेमतेम सेंटिमीटरभर दिसते. १११ मिमीच्या चौकटीत ते रुंदीचा अकरावा हिस्सा व्यापते, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या चित्रात सुमारे साडेपाचशे पिक्सेल. मोबाइलवर दाखवायला तेवढे चालते. ओळख पटवायला किंवा छापायला ते अपुरे आहे. कळंबा तलावाच्या काठावरच्या टाचण्यांचेही, म्हणजे चतुरांच्या सडपातळ भावंडांचेही, तेच होते. त्यांची लांबी तीन-साडेतीन सेंटिमीटर असली तरी जाडी काडीएवढीच असल्यामुळे चौकट बहुतांशी रिकामी राहते.

छापील आकड्यावर विसंबायचे नसेल, किंवा जुन्या लेन्सचे माहितीपत्रक हाताशी नसेल, तर घरच्या घरी मोजता येते. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी भिंतीवर आडवी चिकटवावी, झूम सर्वांत लांब टोकाला न्यावा, मॅन्युअल फोकसची रिंग जवळच्या टोकापर्यंत फिरवून तशीच ठेवावी, आणि खुणा स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेराच पुढे-मागे सरकवावा. चित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जितके मिलिमीटर मोजता येतील, त्या संख्येने सेन्सरच्या रुंदीला भागले की मॅग्निफिकेशन मिळते. झूम मधल्या दोन-तीन जागांवर ठेवून हीच चाचणी पुन्हा करावी, कारण काही लेन्समध्ये सर्वांत मोठी प्रतिमा लांब टोकाला मिळतेच असे नाही. शिवाय आतल्या आत फोकस लावणाऱ्या बऱ्याच लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तिच्यावर छापलेला मिलिमीटरचा आकडा, जवळच्या अंतरावर प्रत्यक्षात घटते. निकॉनच्या ७०–२०० मिमी एफ/२.८ च्या २००९ सालच्या आवृत्तीवर याच कारणाने बरीच टीका झाली होती, १.४ मीटरवर तिचे मॅग्निफिकेशन जेमतेम ०.१२ भरते. २०१६ च्या आवृत्तीत कंपनीने ते १.१ मीटर आणि ०.२१ पर्यंत सुधारले. दोन्ही लेन्सवर आकडा मात्र ७०–२०० हाच आहे.

आहे त्या लेन्सवर काय करता येते

नवी लेन्स घेण्याआधी तीन उपाय सुचवले जातात, आणि तिन्हींची योग्यता सारखी नाही.

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची बिनकाचेची नळी, स्वस्त असते म्हणून पहिली नजर तिच्यावर जाते, परंतु लांब लेन्सवर तिचा परिणाम निराशाजनक असतो. ट्यूबमुळे वाढणारे मॅग्निफिकेशन ढोबळमानाने ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ इतके असते. ३६ मिमीची ट्यूब १०० मिमीच्या लेन्सला ०.३६ ची भर देते, तर ४०० मिमीच्या लेन्सला फक्त ०.०९ ची. किमान अंतर काहीसे घटते हा तिचा खरा लाभ, पण त्याच्या बदल्यात दूरचा फोकस जातो, थोडा प्रकाश जातो आणि जड लेन्सचा भार एका जास्तीच्या जोडावर येतो. मोठ्या झूम लेन्ससाठी ट्यूब घेण्याच्या मी विरुद्ध आहे.

टेलिकन्व्हर्टरचे, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसून प्रतिमा मोठी करणाऱ्या भिंगाचे, गणित सरळ आहे. १.४ पटीचा कन्व्हर्टर किमान अंतर न बदलता मॅग्निफिकेशन १.४ पट करतो, म्हणजे ०.३१ चे ०.४३ होते, त्याबद्दल एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश द्यावा लागतो आणि एफ/५.६ ची लेन्स एफ/८ होते. एफ/६.३ ची लेन्स जवळजवळ एफ/९ वर जाते, आणि तेवढ्या ॲपर्चरवर (प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस भरवशाचा राहत नाही. मिररलेस कॅमेऱ्यांवर ही अडचण पुष्कळ कमी आहे. मुळात चांगल्या लेन्सवर, त्याच कंपनीचा कन्व्हर्टर आणि भरपूर ऊन, एवढे जुळत असेल तरच हा मार्ग घ्यावा.

तिसरा उपाय क्लोज-अप लेन्सचा, म्हणजे फिल्टरसारख्या पुढे बसवायच्या भिंगाचा, आणि सर्वांत कमी चर्चा त्याचीच होते. इथे फोकल लेंग्थ जितकी अधिक तितका फायदा अधिक, म्हणजे ट्यूबच्या नेमका उलटा हिशेब. कॅनन ५००डी हे २ डायॉप्टरचे (डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचे माप) भिंग आहे : मूळ लेन्स अनंतावर फोकस केलेली असताना वस्तू या भिंगापासून ५० सेंटिमीटरवर असावी लागते, मग मागे २०० मिमीची लेन्स असो की ३०० मिमीची. मॅग्निफिकेशन मिळते ते फोकल लेंग्थ भागिले ५०० इतके, म्हणजे ३०० मिमीला ०.६. निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर त्या चौकटीत ३९ मिमीचा भाग मावतो आणि ग्रास ज्वेल चौथा हिस्सा व्यापते. रेनॉक्सचे डीसीआर-१५० हे ४.८ डायॉप्टरचे भिंग चिमट्यासारख्या अडकणीने ५२ ते ६७ मिमीच्या लेन्सवर बसते, पण त्याचे अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास येत असल्यामुळे ते सावध फुलपाखरांपेक्षा सुस्त किड्यांसाठी ठीक. एकाच काचेची स्वस्त भिंगे टाळावीत. त्यांच्यामुळे कडांना रंगीत झालर येते. दोन किंवा अधिक काचा जोडलेली, अक्रोमॅट म्हणून विकली जाणारी भिंगेच घ्यावीत. एक अडचण मात्र आहे : सिग्मा कंटेम्पररी, टॅमरॉन जी२ आणि निकॉन २००–५०० या तिन्हींच्या पुढच्या आट्यांचा व्यास ९५ मिमी आहे, आणि ५००डी फार तर ७७ मिमीपर्यंतच्या मापात बनवले गेले. त्यामुळे हा उपाय ७०–३००, ५५–२५०, ३०० एफ/४ आणि १००–४०० या वर्गातील लेन्सच्या मालकांसाठीच सोयीचा ठरतो.

फोकस लागतो, तरी चित्र मऊ येते

अंतराचा प्रश्न सुटल्यावर ही तक्रार वर येते, आणि तिचे निदान चित्र पूर्ण मोठे करून पाहिल्यावाचून करू नये. फुलपाखराच्या मागची किंवा पुढची गवताची पात रेखीव आली असेल, तर फोकस चुकीच्या जागी पडला आहे; फोकसचा एकच लहान बिंदू निवडावा आणि तो डोळ्यावर ठेवावा. चित्रातील सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला आहे. काडी स्पष्ट आणि पंख पुसट असतील, तर वाऱ्याने किंवा फुलपाखराने हालचाल केली आहे. प्रत्येक कारणाला औषध वेगळे आहे, आणि सगळ्याला ‘लेन्स सॉफ्ट आहे’ हे एकच लेबल लावले की सुधारणा थांबते.

हात हलण्याबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेन्समधील स्टॅबिलायझेशन मुख्यतः कॅमेऱ्याचा कोन बदलल्याने येणारा कंप सावरते. जवळच्या अंतरावर कॅमेरा समांतर सरकल्याने होणारा धूसरपणा वाढतो आणि तिथे साधे स्टॅबिलायझेशन तोकडे पडते. कॅननने २००९ साली १०० मिमी मॅक्रो लेन्समध्ये हायब्रिड स्टॅबिलायझेशन आणले ते याच कारणाने. म्हणून ४०० मिमीवर एपीएस-सी कॅमेरा हातात धरून काम करताना १/६४० सेकंद हा शटर वेगाचा तळ समजावा आणि वारा असेल तर १/१००० च्या वर जावे, भले त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवावा लागो. आयएसओचे दाणे नंतर कमी करता येतात. हललेले चित्र सरळ करता येत नाही.

खोलीचा प्रश्न याहून अधिक समजावून घेण्यासारखा आहे. लांब लेन्समुळे डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चित्रात स्पष्ट येणाऱ्या पट्ट्याची खोली, कमी होते असा समज रूढ आहे, पण वस्तू चौकटीत तेवढीच मोठी ठेवली तर जवळच्या अंतरावर ही खोली मॅग्निफिकेशन आणि ॲपर्चर यांवरच ठरते. ०.३ मॅग्निफिकेशनवर एपीएस-सी कॅमेऱ्याने एफ/८ ला जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, मग लेन्स १०० मिमीची असो की ४०० मिमीची. लांब लेन्समध्ये मागची पार्श्वभूमी अधिक एकसंध दिसते, कारण तिच्या अरुंद कोनात मागचा थोडाच भाग येतो. एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान राहून मिटलेल्या पंखांचे प्रतल सेन्सरला समांतर येईल अशी आपली जागा बदलणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक इलाज आहे. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक तपशील पुसट होऊ लागतात.

चतुरांच्या बाबतीत त्यांच्या सवयीचा उपयोग करून घ्यावा. पुष्कळ जातींचे चतुर उडून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. कळंब्याच्या काठावर अशी काडी हेरून, तिच्यावर आधीच फोकस लावून, लेन्स ट्रायपॉडवर किंवा तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवून थांबले, तर ऑटोफोकसच्या धावपळीची गरजच उरत नाही. फुलपाखरांसाठी सकाळची वेळ धरावी. ऊन पुरते चढेपर्यंत ती पंख शेकत बसतात आणि माणसाला अधिक जवळ येऊ देतात.

नवी लेन्स घ्यायचीच असेल तर

मसाई पठारावरची ऑगस्ट-सप्टेंबरातील रानफुले हा मुख्य विषय असेल, तर टेलिफोटोची आवश्यकता नाही. फुले पळून जात नाहीत, आणि जमिनीलगत आडवे होऊन दोन मीटरवरून टिपायचे म्हटले की मधले ओले गवतच चित्रात भरते. तिथे १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स घ्यावी; १:१ ला, म्हणजे मॅग्निफिकेशन १ असताना, तिचे पुढचे टोक वस्तूपासून १५ सेंटिमीटरहूनही जवळ जाते, पण फुलाला त्याचे काही वाटत नाही. पठारावर वाटेवरूनच काम करावे, एवढी पुस्ती मात्र जोडतो, कारण त्या पातळ मातीतील रोपे बुटाखाली सहज चिरडतात.

याउलट चापड्यासारखा विषारी साप झुडपावर वेटोळे घालून बसलेला असेल, तर २.२ किंवा २.८ मीटरचे किमान अंतर हा दोष उरत नाही. अशा ठिकाणी कमाल मॅग्निफिकेशनचा मोह आवरावा आणि मोठी झूम लेन्सच वापरावी.

फुलपाखरे, चतुर, सरडे आणि अधूनमधून पक्षी, असा कोल्हापूरच्या आसपास फिरणाऱ्या बहुतेकांचा मिश्र बेत असतो. त्यासाठी १००–४०० मिमीचा वर्ग मला सर्वांत योग्य वाटतो. कॅननच्या उल्लेखिलेल्या लेन्सखेरीज सोनीची एफई १००–४०० जीएम ०.९८ मीटरवर ०.३५ देते, निकॉनची झेड १००–४०० लांब टोकाला ०.९८ मीटरवर ०.३८ देते, आणि कॅननची आरएफ १००–४०० एफ/५.६–८ ही तुलनेने स्वस्त आणि हलकी लेन्स ०.४१ पर्यंत जाते. मात्र एफ/८ मुळे दाट जंगलातील सावलीत तिला आयएसओ बराच चढवावा लागतो. खर्च आवरायचा असेल, तर हातातील ५५–२५० किंवा ७०–३०० वर चांगले अक्रोमॅट भिंग लावून एक हंगाम काढावा. केवळ फुलपाखरांसाठी ६०० मिमी घेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा.

वापरलेली लेन्स घेताना आपल्याकडच्या पावसाचा विचार करावा लागतो. राधानगरी-गगनबावड्याच्या दमट हवेत फिरून आलेली लेन्स नीट न सुकवता बॅगेत बंद राहिली, तर आतल्या काचांवर बुरशी धरते आणि बाहेरून ती दिसत नाही. ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून मागच्या बाजूने टॉर्चचा झोत टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर किंमत कितीही कमी असली तरी सौदा करू नये. त्यानंतर दुकानातच, वर सांगितलेली पट्टीची चाचणी आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून करावी, लिमिटरच्या प्रत्येक जागेवर फोकस लागतो का ते पाहावे, आणि झूमच्या लांब टोकाला, किमान अंतरावर, एफ/८ ला घेतलेले चित्र संगणकावर पूर्ण मोठे करून तपासल्यावरच पैसे द्यावेत.